भवानीची वेळ

परदेशवारी करून आलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हमखास विचारले जातात. पहिला, ‘काय काय आणलंत?’ आणि दुसरा, ‘केवढ्याला पडलं?’ तिथली माणसं कशी होती, हे विचारायला कुणाला सवड नसते. आणि खरं सांगायचं तर आपल्यालाही घाई याचीच असते. ‘तो साठ म्हणत होता, मी तिसावर आणला!’ हे वाक्य उच्चारताना भल्याभल्यांच्या चेहऱ्यावर गड जिंकल्याचं तेज येतं.

साठाचे तीस मीही केले होते. पण ती हकीकत मी कुणाला रंगवून सांगितली नाही. का, ते आज सांगते.

२०१८ च्या सप्टेंबरात हे आणि मी एका सहलीबरोबर तुर्कस्तानला गेलो होतो. इस्तंबूलचा छप्पर असलेला मोठा बाजार कार्यक्रमात होताच. सुलतान दुसऱ्या मेहमदनं १४५३ साली हे शहर जिंकलं आणि दोन-तीन वर्षांतच या बाजाराचं काम सुरू केलं. सुरुवातीच्या दुकानांचं भाडं मशीद झालेल्या आया सोफियाच्या खर्चासाठी लावून दिलेलं होतं. आज तिथे साठेक गल्ल्या आणि चार हजारांच्या आसपास दुकानं आहेत. नवख्या माणसाला वाट सापडू नये असा सगळा मामला. पण कानाला मात्र परकं वाटत नाही. दुकानाला तिथे दुकानच म्हणतात, हिशेबाला ‘हेसाप’ आणि तराजूला ‘तेराझी’. मला तर आपल्या तुळशीबागेची कुणी थोरली बहीण भेटल्यासारखं वाटलं.

शनिवारची सकाळ होती. बसमध्ये आमच्या सहलप्रमुखानं सगळ्यांना बजावलं होतं, “काका-काकू, तो सांगेल त्याच्या निम्म्यापासून सुरुवात करा. लाजू नका.” मला हे सांगायची गरज नव्हती. माझं शिक्षण पुण्याच्या मंडईत झालेलं. आईचं बोट धरून मी तिथे वर्षानुवर्षं फिरले आणि भाव कसा करावा हे तिच्याकडूनच शिकले.

आईचे तीन नियम होते. घ्यायचं नसेल तर भाव विचारायचा नाही. आपण बोललेला भाव समोरच्यानं मान्य केला, तर मुकाट्यानं पिशवी पुढे करायची. आणि तिसरा, भवानीच्या वेळी ताणून धरायचं नाही. दिवसाची पहिली विक्री व्हायची असते, तिच्यावर त्या बाईचा सगळा दिवस असतो. “वहिनी, तुमच्या हातची भवानी होऊ द्या,” असं भाजीवालीनं म्हटलं, की आई चार आण्यांचा आग्रह सोडून द्यायची. मग ती बाईही वर चार मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या टाकायची.

तर त्या सकाळी एका गल्लीत हातानं रंगवलेले चिनीमातीचे वाडगे मला दिसले. पांढऱ्यावर निळी-लाल फुलं. दुकानदार साठीच्या घरातला, कुलपं नुकतीच उघडून फडक्यानं धूळ झटकत होता. आम्हाला त्यानं स्टुलं दिली, इवल्या काचेच्या पेल्यात चहा मागवला. एका वाडग्याचे साठ लिरा म्हणाला. मी म्हटलं, “सहा घेते, तिसानं द्या.” मनात होतं, तो पन्नास म्हणेल, मी पस्तीस म्हणेन, चाळीसवर तुटेल.

तो एकदम म्हणाला, “ठीक आहे मॅडम. तीस.” आणि कागदात वाडगा गुंडाळायला घेतला.

वाचकहो, इथे माझी गंमत झाली. मी मागितलेला भाव मला मिळाला होता, आणि मला आनंद व्हायच्या ऐवजी धसका बसला. इतक्या पटकन हो म्हणाला म्हणजे आपण फसलो! वीसच म्हणायला हवं होतं. पलीकडच्या गल्लीत आमच्यातल्याच एका बाईंना पंचवीसनं मिळाल्याचं कानावर आलं होतं. मी उठले आणि ठेवणीतलं वाक्य टाकलं, “जरा बघून येतो आम्ही.”

तो गुंडाळायचा थांबला. म्हणाला, “मॅडम, तीस मी म्हटलं नव्हतं. तुम्ही म्हटलंत.” आवाज चढला नाही, मागे धावला नाही. वाडग्याचा कागद सोडवून त्यानं वाडगा परत फळीवर ठेवला. आम्ही निघालो. चहाचे पेले तिथेच अर्धे राहिले.

संध्याकाळी बसमध्ये आमचा स्थानिक वाटाड्या तिथल्या चालीरीती सांगत होता. बोलता बोलता म्हणाला, “आमच्याकडे दिवसाच्या पहिल्या विक्रीला ‘सिफ्ताह’ म्हणतात. पहिलं गिऱ्हाईक परत जाऊ नये म्हणून दुकानदार कमी भावातही माल देतो. बरकत येते अशी समजूत आहे.” हे शेजारी डुलकी घेत होते. मी मात्र खाडकन जागी झाले. म्हणजे तो घाबरून हो म्हणाला नव्हता, की मला फसवतही नव्हता. ती त्याची भवानी होती. आणि ती मी मोडून आले होते. मंडईत वाढलेल्या मी!

ठरवलं, उद्या सकाळी जायचं, सहाच्या सहा वाडगे घ्यायचे आणि पैसेही तो म्हणेल ते द्यायचे. सहलप्रमुखाला विचारलं. तो म्हणाला, “काकू, उद्या रविवार. तो बाजार रविवारी बंद असतो. आणि सोमवारी पहाटे आपलं विमान.”

घरी आल्यावर मी बसून हिशेब केला. सहा वाडग्यांचे १८० लिरा, म्हणजे आपले सुमारे दोन हजार रुपये. पंचवीसनं मिळाले असते तर वाचले असते साडेतीनशे. त्या वर्षाच्या सुरुवातीला एका लिऱ्याला आपले सतरा रुपये पडत होते. ऑगस्टात त्यांचं चलन कोसळलं आणि आम्ही गेलो तेव्हा तो दर अकरा-बारावर आला होता. म्हणजे मी तोंड उघडण्याआधीच मला हजार रुपयांची सूट मिळालेली होती आणि ती त्या माणसाच्या खिशातून. त्या सप्टेंबरात तिथली महागाई वर्षाच्या हिशेबानं चोवीस टक्क्यांवर होती. आणि मी साडेतीनशे रुपयांसाठी शब्द फिरवला. परतीच्या विमानतळावर दोन कॉफ्या आणि एक सँडविच घेताना मात्र पाटीवरचा आकडा वाचून निमूटपणे कार्ड पुढे केलं. तिथे ‘निम्म्यानं द्या’ म्हणायची छाती कुणाची होते?

यावर कुणी म्हणेल, तिसाचा माल साठ सांगणं ही लबाडीच नाही का? प्रश्न जुना आहे. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथाच्या लोकांनी हेच म्हटलं होतं. ज्या भावाला द्यायचं नाही तो भाव सांगणं म्हणजे खोटं बोलणं, म्हणून त्यांनी आपल्या दुकानांत एकच भाव ठेवला. पुढे पॅरिसमध्ये अरिस्तिद बुसिको यानं १८५२ नंतर ‘बाँ मार्शे’ या दुकानात ठरीव किमतीची पद्धत रुजवली आणि आजचे मॉल त्याच वाटेनं आले. सोय झाली, यात शंका नाही. बुजऱ्या माणसाला न्याय मिळाला.

पण बाजाराची भाषा वेगळी असते. क्लिफर्ड गीर्ट्झ या मानववंशशास्त्रज्ञानं मोरोक्कोतल्या सेफ्रू गावच्या बाजाराचा अभ्यास केला आणि १९७८ साली त्यावर लिहिलं. त्याचं म्हणणं असं, की अशा बाजारात खरी टंचाई असते ती माहितीची. मालाची प्रत काय, भाव काय, हे कुणालाच नीट ठाऊक नसतं. घासाघीस म्हणजे ते शोधून काढायची रीत. आणि म्हणूनच लोक पुन्हापुन्हा त्याच दुकानदाराकडे जातात.

आईची घासाघीस गोड का होती, ते मला हे वाचल्यावर कळलं. तिला उद्या परत त्याच बाईकडे जायचं होतं. आज दोन पैसे तिनं सोडले, उद्या ती सोडणार. या ‘उद्या’च्या धाकानं दोघी सरळ वागत. प्रवाशाला उद्या नसतो. सोमवारी त्याचं विमान असतं. त्यामुळे दुकानदारही त्याला दुप्पट सांगायला मोकळा आणि तोही शब्द फिरवायला मोकळा.

आमच्या पिढीचा पैशापैशाला जपण्याचा हात कुठून आला, हेही मला ठाऊक आहे. परकीय चलन मोजूनमापून मिळण्याचे दिवस आम्ही पाहिले. २००४ साली रिझर्व्ह बँकेनं माणशी वर्षाला २५ हजार डॉलर बाहेर नेण्याची मोकळीक दिली, आज ती अडीच लाख डॉलर आहे. मुठीची मर्यादा वाढली, पण मूठ आवळायची सवय तशीच राहिली.

भाव करू नये, असं मी म्हणत नाही. जरूर करावा. न करता पैसे टाकणाऱ्या प्रवाशाला बाजारवाला मनातून हसतो, हेही खरं. पण आईचे तीन नियम पारपत्राबरोबर पर्समध्ये ठेवावेत. ते मंडईपुरते आहेत, असं मी समजले, तिथेच चुकले.

त्यानंतर आम्ही आणखी दोनदा परदेशी जाऊन आलो. भाव मी आजही करते. फक्त आकडा बोलण्याआधी क्षणभर थांबते आणि मनाशी विचारते, हा हो म्हणाला तर मी घेणार ना? उत्तर ‘नाही’ आलं, तर वस्तू खाली ठेवून हसून नमस्कार करते. सकाळची वेळ असली तर आधी दुकानदाराच्या गल्ल्याकडे बघते. ते निळ्या फुलांचे वाडगे मात्र आमच्या घरी नाहीत. ‘इस्तंबूलहून काय आणलंत?’ असं कुणी विचारलं, की मी सुके अंजीर पुढे केले आणि विषय बदलला.