हिंजवडीला जमिनीवरचे रूळ हवेत

पुण्याजवळच्या हिंजवडी आयटी पार्कातल्या कोंडीवर ट्राम हा उपाय सुचवला की बहुतेक जण तो हसण्यावारी नेतात. ट्राम म्हणजे जुन्या कृष्णधवल चित्रपटात दिसणारी, घंटा वाजवत रेंगाळणारी गाडी. मुंबईने ती 1964 साली मोडीत काढली, दिल्लीने त्याच्या आदल्या वर्षी, मद्रासने 1953 साली आणि कानपूरने तर 1933 सालीच. एवढ्या शहरांनी टाकून दिलेली गाडी आता आयटी पार्कात आणायची? तीही डोक्यावरून मेट्रोचा मार्ग जात असताना? आणि रस्त्यावर मुंगीला शिरायला जागा नाही, तिथे रूळ टाकायचे कुठे?

हे विचारणारी माणसं शहाणी आहेत, रोज त्याच कोंडीत आयुष्याचे तास घालवणारी आहेत. त्यांना सविस्तर उत्तर द्यायला हवं. माझं म्हणणं असं आहे की फेज एक, दोन आणि तीनच्या आतल्या रस्त्यांवर स्वतःच्या राखीव पट्ट्यातून धावणारी, मेट्रोच्या स्थानकांना जोडलेली ट्राम हिंजवडीला हवी. भारतात ट्राम का बुडाली हे नीट पाहिलं तर या म्हणण्याला बळच मिळतं.

मुंबईपासून सुरुवात करू. 9 मे 1874 रोजी तिथे घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जाणारा, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीचा. उन्हाचा ताप होऊ नये म्हणून घोड्यांना टोप्या घालत. 7 मे 1907 रोजी विजेची ट्राम धावू लागली आणि 1920 साली दुमजली ट्रामही आली. बस आली 1926 साली, पण कित्येक वर्षं ती खिसा जड असलेल्यांची गाडी राहिली. गिरणीतला कामगार, पेढीवरचा कारकून, भाजीची पाटी घेऊन निघालेली बाई, यांची गाडी ट्रामच होती. 31 मार्च 1964 च्या रात्री बोरीबंदरहून दादरला गेलेली शेवटची ट्राम माणसांनी खच्चून भरलेली होती.

ती मंद होती हे खरं आहे. तोट्यात होती हेही खरं. डबे जुने झाले होते, रूळ झिजले होते. हे नाकारून ट्रामची बाजू मांडता येणार नाही. पण मंद कशाने झाली? मुंबईची ट्राम बहुतेक ठिकाणी भर रस्त्यातून, सगळ्या वाहनांच्या गर्दीतून धावत होती. मोटारी वाढत गेल्या तशी तिची वाट अडत गेली. मोटार वळसा घालून निघून जाते, रुळावरच्या गाडीला ते जमत नाही. एक मोटार रुळावर थांबली की मागे ट्रामगाड्यांची रांग लागते, आणि त्या रांगेचा दोष ट्रामच्या नावावर जमा होतो. ज्या वाहनात शंभर माणसं बसली आहेत त्याला बाजूला काढून ज्यात दोघं बसले आहेत त्याला रस्ता द्यायचा, असा निर्णय त्या काळात आपल्याच शहरांनी घेतला असं नाही. पॅरिसने 1938 पर्यंत ट्राम संपवली, लंडनने 1952 साली.

पुढे काय झालं ते मात्र आक्षेप घेणारे सांगत नाहीत. फ्रान्समध्ये 1985 साली नांत शहराने ट्राम पुन्हा सुरू केली. 1992 साली पॅरिसच्या उपनगरात ती परतली, 1994 साली स्ट्रासबुर्गने शहराच्या मध्यभागातल्या मोटारी हटवून तिला जागा दिली. मेलबर्नने तर ती कधी काढलीच नाही, आणि आज जगातल्या सर्वांत मोठ्या ट्रामजाळ्यांत त्या शहराची गणना होते. तेव्हा 'जगाने टाकून दिलेली गाडी' हा आक्षेप फार तर साठ वर्षांपूर्वी खरा होता.

यावर हमखास कोलकात्याचा दाखला दिला जातो. तिथे ट्राम टिकली, पण तिचं काय झालं पाहा, असं म्हणतात. जरूर पाहू, कारण हा दाखला माझ्याच बाजूचा आहे. कोलकात्यात विजेची ट्राम 1902 साली सुरू झाली. रुंद रस्त्यांच्या मध्यभागी तिच्यासाठी वेगळा पट्टा होता, दोन्ही बाजूंना मोटारी आणि मध्ये गवतातून जाणारे रूळ. कंपनी लंडनची. 1953 साली तिने दुसऱ्या वर्गाचं भाडं एका पैशाने वाढवलं तेव्हा शहर पेटलं. त्या आंदोलनातला लोकांचा राग मला समजतो. पण त्यानंतर भाडं वाढवायचं नाही आणि सरकारी तिजोरीतूनही पुरेसं द्यायचं नाही, असं दशकानुदशकं चाललं. रूळ, तारा, डबे सगळंच थकत गेलं.

खरा घाव मात्र 2000 नंतर बसला. अनेक रस्त्यांवरचे ट्रामचे राखीव पट्टे काँक्रीट करून रस्त्यात मिसळून टाकले गेले. ज्या पट्ट्यात फक्त ट्राम जात होती त्यात टॅक्सी, बस, मोटारी शिरल्या. थांब्यावर उतरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला धावत्या गाड्यांच्या मधोमध पाय टाकावा लागू लागला. मग वाहतुकीचं नियोजन करणारे म्हणू लागले की ट्राममुळे कोंडी होते. 2024 साली राज्य सरकारने मैदान ते एस्प्लनेड हा वारशापुरता मार्ग सोडून बाकी ट्राम बंद करण्याची घोषणा केली. आधी तिची वाट काढून घेतली आणि मग ती वाटेत येते म्हणून तिला हाकललं. यातून निघणारा निष्कर्ष एकच आहे: ट्रामला राखीव पट्टा द्या, नाहीतर ती आणूच नका.

आपल्या महाराष्ट्रातही मुंबईबाहेर ट्राम होती, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. नाशिक गाव आणि नाशिकरोड स्टेशन यांच्यात आठ-दहा किलोमीटरचं अंतर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ते घोड्यांच्या ट्रामने जोडलं गेलं. रेल्वे एका ठिकाणी, माणसं दुसऱ्या ठिकाणी, आणि मधला तुकडा रुळांनी भरून काढायचा, ही त्यामागची कल्पना. हिंजवडीची आजची गरज नेमकी हीच आहे.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या मेट्रो मार्गाचं भूमिपूजन 18 डिसेंबर 2018 रोजी झालं. माण-हिंजवडी ते शिवाजीनगर, 23.3 किलोमीटर, 23 स्थानकं, सगळा मार्ग खांबांवरून. मार्च 2025 ची मुदत टळली, तरी या मार्गाला माझा विरोध नाही. बाणेर, बालेवाडी, विद्यापीठ चौक या पट्ट्यातून लोकांना आणायला मेट्रोच हवी. प्रश्न स्थानकाच्या जिन्यावरून खाली उतरल्यावर सुरू होतो.

संध्याकाळी साडेसहाला शिवाजी चौकात उभं राहून पाहा. वॉर्डन शिट्टी फुंकून थकलेला. शेअर रिक्षावाले 'डांगे चौक, डांगे चौक' ओरडत निम्मा रस्ता अडवून उभे. कंपन्यांच्या बसगाड्या एकामागे एक, दिवे लावून, जागच्या जागी. पीएमपीची बस थांब्यापर्यंत पोचतच नाही म्हणून लोक तिच्याकडे मधल्या लेनमध्ये धावतात. पाठीवर लॅपटॉपची बॅग घेतलेली मुलं-मुली चिखल चुकवत दुभाजकावरून चालतात, कारण पदपथावर गाड्या लावलेल्या असतात. यातली बरीच गर्दी हिंजवडीच्या आतल्या आत फिरणारी आहे: कंपनीच्या फाटकापासून चौकापर्यंत, फेज तीनपासून फेज एकपर्यंत, मारुंजीच्या सोसायटीपासून ऑफिसपर्यंत. मेट्रो एका रेषेत जाते, पार्क मात्र चहूकडे पसरलेलं आहे. मेट्रो पूर्ण क्षमतेने चालू लागली तरी स्थानकापासून दीड-दोन किलोमीटरवरच्या कंपनीत जाणारा माणूस रिक्षाची घासाघीस करण्यापेक्षा घरूनच दुचाकीला किक मारेल.

यावर सरळ उत्तर येतं की मग बस वाढवा. वाढवायलाच हव्यात, आणि उद्याच. पण बसला राखीव मार्गिका नसेल तर ती त्याच कोंडीत उभी राहते. मार्गिका दिली तर काय होतं, हे पुण्याने पाहिलं आहे. डिसेंबर 2006 मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर देशातली पहिली बीआरटी याच शहरात सुरू झाली. मार्गिकेत दुचाकी घुसल्या, मोटारी घुसल्या, वॉर्डन असेपर्यंत शिस्त आणि नंतर मोकळं रान. नगर रस्त्यावरचे कठडे तर पुढे काढूनच टाकले. पिंपरी-चिंचवडच्या बाजूला बीआरटी तुलनेने तगली, ते श्रेय द्यायलाच हवं. पण एक गोष्ट लक्षात घ्या: बसची मार्गिका म्हणजे शेवटी डांबराचा किंवा काँक्रीटचा रस्ताच असतो. तो रिकामा दिसला की चाक तिकडे वळतंच. गवतात किंवा खडीत बसवलेल्या, कडेला उंच दगड असलेल्या रुळांवरून दुचाकी नेता येत नाही. तिथे वॉर्डनचं काम रुळांची बांधणीच करते. पुण्यासारख्या शहरात ट्रामच्या बाजूचा सगळ्यात मोठा मुद्दा मला हाच वाटतो.

जागेचा हिशेब मांडू. दुहेरी ट्राममार्गाला साधारण सात मीटर लागतात, म्हणजे मोटारींच्या दोन लेन. एका लेनमधून सिग्नल वगैरे धरून तासाला हजार-दीड हजार मोटारी गेल्या तरी पुष्कळ, आणि बहुतेक मोटारीत माणूस एक. केंद्राच्या नगरविकास मंत्रालयाने 2019 साली 'मेट्रोलाइट' नावाने ज्या गाडीचे मानदंड ठरवले ती म्हणजे आधुनिक ट्रामच आहे: तीन डब्यांची, सुमारे 300 प्रवाशांची, जमिनीवरच्या स्वतंत्र मार्गावरून जाणारी. ती दर तीन मिनिटांनी सोडली तर एका दिशेला तासाला सहा हजार माणसं जातात. दुचाकी कमी जागेत जास्त माणसं नेते, हे मान्य. पण पावसाळ्यात, काँक्रीटच्या मिक्सर आणि डंपरच्या मधून दुचाकी चालवण्याची सक्ती हजारो तरुणांवर करणं याला वाहतूक व्यवस्था म्हणता येणार नाही.

जिथे मेट्रोचे खांब दुभाजकात उभे आहेत तिथे मी ट्राम मागत नाही. मागणी बाकीच्या रस्त्यांची आहे. आणि पावसाळ्यात या रस्त्यांवर पाणी तुंबतं, तो प्रश्न ट्रामने सुटणार नाही; उलट तुंबलेल्या पाण्यात तीही थांबेल. नाले मोकळे करणं हे पहिलं काम, रूळ त्यानंतर.

राहिला खर्च. खांब आणि उंचावरची स्थानकं नसल्याने ट्राम मेट्रोपेक्षा पुष्कळ स्वस्त पडते, बसपेक्षा अर्थातच महाग. ती फक्त तिकिटावर चालणार नाही, हे आधीच कबूल करून उतरावं, म्हणजे कोलकात्यासारखी उपासमार होणार नाही. ज्या उड्डाणपुलांवर आपण पैसे ओतले त्यातला विद्यापीठ चौकातला पूल 2020 साली पाडावा लागला, आणि त्या पुलाने तिकिटाचा एक रुपयाही कधी मिळवून दिला नव्हता. तोट्याचा प्रश्न मोटारीच्या रस्त्यांना कोणी विचारत नाही.

खरी अडचण पैशांपेक्षा मालकीची आहे. आतले रस्ते एमआयडीसीचे, मेट्रो प्राधिकरणाची, बस पीएमपीची, हिंजवडी-माण-मारुंजीत ग्रामपंचायती, वाकडच्या बाजूला पिंपरी-चिंचवड महापालिका. ट्राम कोणाची, याचं उत्तर प्राधिकरणाने द्यावं, कारण मेट्रो त्याचीच आहे आणि दोन्हींचं तिकीट एकच असायला हवं. एमआयडीसीने एवढंच करावं: पार्कातला जो जो रस्ता यापुढे रुंद होईल त्याच्या आराखड्यात सात मीटरचा पट्टा रुळांसाठी राखून ठेवावा, आणि डेपोसाठी फेज तीनमधला एखादा भूखंड विकायला काढण्याआधी बाजूला काढावा. पट्टा राखला तर ट्राम पाच वर्षांनीही येऊ शकते. त्यावर एकदा मोटारींच्या लेन झाल्या की तो परत मागणाऱ्याला कोणी उभं करणार नाही.