तारणाच्या वहीतील माणसे



या सदरातून आजवर मी ठेवी, विमा, वारसनोंद आणि मृत्युपत्र अशा विषयांवर लिहीत आलो. उभे आयुष्य बँकेत घालविलेल्या माणसाकडून वाचकांची अपेक्षाही तेवढीच असते. या वेळी मात्र अमेरिकेच्या इतिहासाविषयी लिहावेसे वाटते, आणि तेही सिंदी (मेघे) येथील माझ्या ओसरीवर मुलांनी वाचलेल्या व नाटकातून मांडलेल्या इतिहासाविषयी. विषय दूरचा वाटेल. पण तो शेवटी आपल्या वह्यांपर्यंत येऊन पोहोचतो.

वर्ध्याचा उन्हाळा आपणांस ठाऊक आहेच. वैशाखाच्या दुपारी मुलांना घराबाहेर सोडण्याची सोय नाही आणि घरात त्यांच्या हातून मोबाइल सुटत नाही. सातवीत गेलेल्या माझ्या नातीने सुटीत वाचण्यासाठी वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ आणले होते. १९८१ साली प्रसिद्ध झालेले हे चरित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. तिने ते मोठ्याने वाचावयास आरंभ केला. प्रथम शेजारची दोन मुले आली आणि आठवड्याभरात पाचवी ते नववीतील अकरा मुलांची बैठक जमली. यांतील बहुतेकांचे कोणी ना कोणी आप्त अमेरिकेत आहेत. न्यूयॉर्क, न्यू जर्सी ही नावे त्यांच्या तोंडी नित्याची. पण त्या देशात माणसांची खरेदी-विक्री होत असे, हे त्यांतील एकालाही ठाऊक नव्हते.

जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांचा जन्म १८६४ च्या सुमारास मिसुरी राज्यात एका गुलाम स्त्रीच्या पोटी झाला. लुटारूंनी आई आणि तान्हे मूल दोघांनाही पळवून नेले. आईचा पुढे कधीच पत्ता लागला नाही; मूल तेवढे परत मिळाले, आणि त्याच्या मोबदल्यात मालकाला एक घोडा द्यावा लागला असे सांगतात. या प्रसंगापाशी वाचन थांबले. एका मुलाने विचारले, “आजोबा, घोडा महाग की मूल?” तो प्रश्न विनोदाने विचारलेला नव्हता. व्यापाऱ्याच्या घरातील मुलाला सौदा ऐकला की भाव विचारावासा वाटतो, इतकेच. त्या दिवशी मला वाटले की नुसते वाचून भागणार नाही. हे मुलांनी स्वतः करून पाहिले पाहिजे. आपल्या वर्ध्यातच १९३७ साली गांधीजींच्या अध्यक्षतेखाली नई तालीमची परिषद भरली होती. हाताने केल्यावाचून शिकणे पुरे होत नाही, ही गोष्ट या मातीला नवीन नाही.

एका परिचितांच्या जिनिंगमधून दोन पोती सरकीसकट कापूस मागविला. मुलांना सांगितले, अर्धा तास हातांनी सरकी वेगळी करा. अर्ध्या तासाने प्रत्येकापुढे मूठभर रुई आणि नखे दुखत असल्याच्या तक्रारी! मग १७९३ साली एली व्हिटनीने काढलेल्या यंत्राची हकीकत सांगितली. सरकी काढण्याचे काम यंत्राने झटपट होऊ लागले, तेव्हा गुलामांचे कष्ट कमी व्हावयास हवे होते. घडले उलटे. कापूस किफायतशीर झाला, लागवड वाढली आणि वेचणीसाठी अधिकाधिक माणसे बांधली गेली. १७९० साली अमेरिकेत सुमारे सात लाख गुलाम होते. १८६० साली ती संख्या चाळीस लाखांच्या घरात गेली. यंत्र आले की मजूर सुटतो, असे मुले गृहीत धरून बसली होती. खरे सांगायचे तर बँकेत संगणक आले तेव्हा आम्हीही तसेच समजत होतो.

नाटक आम्ही सर्वांनी मिळून लिहिले. त्यातील एक प्रवेश १९२१ सालचा. कार्व्हर अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे उभे आहेत. प्रश्न बाहेरून येणाऱ्या भुईमुगावरील जकातीचा. बोलण्यास मिळाली दहा मिनिटे. ते पेटीतून भुईमुगाचे एकेक पदार्थ काढून दाखवू लागले आणि सभासदांनी त्यांची वेळ पुन्हा पुन्हा वाढवून दिली. आरंभीच एका सभासदाने कलिंगडावरून त्यांना टोमणा मारला होता. तालमीत हा टोमणा आला की मुले खदखदून हसत. आपल्याकडे टरबूज म्हणजे उन्हाळ्याचे सुख, त्यात टोमणा तो कसला? कृष्णवर्णीय माणूस म्हणजे टरबुजावर भुलणारा आळशी, असे चित्र तिकडे जाणूनबुजून रंगविले गेले होते, हे समजावून सांगितले. दुसऱ्या दिवशी त्या वाक्यावर कोणी हसले नाही. आणि कार्व्हर झालेल्या मुलाने उत्तर देण्यापूर्वी किंचित थांबून श्वास घेतला. तसे करण्यास त्याला कोणी सांगितले नव्हते.

एक खुलासा येथेच करतो. शेंगदाण्याचे लोणी कार्व्हर यांनी शोधले, असा समज सर्वत्र आहे आणि मुलांनीही तसे लिहून आणले होते. ते खरे नाही. त्यांचे मोठे काम निराळे. कापसामागून कापूस घेऊन निकस झालेल्या जमिनीत भुईमूग, चवळी, रताळी यांचा फेरपालट करावा, हे त्यांनी गरीब शेतकऱ्यांच्या दारात जाऊन शिकविले. १९०६ पासून त्यासाठी घोड्याची गाडीच फिरती शाळा म्हणून निघाली. आपल्या जिल्ह्यातील कपाशी पिकविणाऱ्याला हे सांगण्याची आजही गरज आहे. (रताळे ऐकताच एक चिमुरडी म्हणाली, “ते तर आपल्याला चालत नाही.” तिला पाठशाळेच्या ताईंकडे पाठविले.)

आता मुख्य प्रसंगाकडे येतो. मळेवाल्याच्या घरचा प्रवेश बसवायचा होता. त्याच्या जिंदगीची यादी रंगमंचावर वाचली जाते. अशा याद्यांत खेचरे, नांगर, गाड्या यांच्या ओळीतच माणसांची नावे, वय आणि किंमत लिहिलेली असे. नेपथ्यासाठी मी घरातील लाल कापडी बांधणीची जुनी वही काढून दिली. ती हातात घेऊन मी मुलांना सांगत होतो की, दक्षिणेकडील बँका जमिनीप्रमाणेच गुलामांनाही तारण म्हणून स्वीकारीत. कर्ज थकले की तारण विकले जाई, म्हणजे आई एकीकडे आणि मूल दुसरीकडे. तेव्हा माझ्या नातीने विचारले, “आजोबा, तुम्ही तिथल्या बँकेत असता तर ते कर्ज मंजूर केले असते?”

छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी हजारो कर्जप्रकरणे पाहिली. तारणाची मालकी निर्वेध आहे काय, मूल्यांकन बरोबर आहे काय, बाजारात ते सहज विकले जाईल काय, हे तीन प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारले. त्या मळेवाल्याचा अर्ज या तिन्ही कसोट्यांना उतरला असता. कायदा त्याच्या बाजूने होता, कागद पुरे होते. मी तिला म्हणालो, “बहुधा केले असते, बेटा.” तिला ते आवडले नाही. मलाही नाही. परंतु मुलीशी खोटे बोलणे प्रशस्त वाटले नाही.

ही गोष्ट एका पालकांच्या कानी गेली. ते आपल्याच समाजातील जाणते व्यापारी, घरी येऊन म्हणाले, “काका, मुलांना व्यापाराची लाज वाटेल असे कशाला शिकवता? अमेरिकेच्या पापाशी आपला काय संबंध?” त्यांचे म्हणणे मी उडवून लावले नाही. पण संबंध आहे. १८६१ साली तिकडे यादवी युद्ध पेटले, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरे अडविली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. लिव्हरपूलची नजर मुंबईकडे वळली आणि भाव कित्येक पटींनी चढले. हिंगणघाटचा कापूस तेव्हाही नावाजलेला. रेल्वे नागपूरला पोहोचली १८६७ साली. तोवर आमच्या भागातील मालाचा प्रवास बैलगाडीनेच सुरू होई. मुंबईत पैशाचा पूर आला. आपल्या समाजातील प्रेमचंद रायचंद हे त्या बाजाराचे राजे. समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपन्यांचे समभाग लोकांनी डोळे मिटून घेतले. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली यांनी शरणागती पत्करली, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ या वायद्यांच्या दिवशी मुंबईचा बाजारही कोसळला. बँक ऑफ बॉम्बे त्या धक्क्यातून सावरली नाही. १८६८ साली ती गुंडाळून त्याच नावाची नवी बँक काढावी लागली. प्रेमचंदांच्या देणगीतून उभा राहिलेला, त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर १८७८ साली पूर्ण झाला. तो आजही मुंबईत उभा आहे.

मी त्या गृहस्थांना एवढेच विचारले की, ज्या युद्धाने चाळीस लाख माणसे मोकळी झाली, त्याच्या समाप्तीची वार्ता आपल्या बाजारात अशुभ म्हणून आली, हे मुलांना सांगावे की न सांगावे? ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “मुंबईचा प्रवेशही घाला. दलालाचे काम माझा मुलगा करील.” महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. तीच वार्ता पुण्यातील एका माणसाने कशी वाचली, हे मुलांना त्याच नाटकात दाखविले. हा प्रवेश लहान असला तरी मला तो सर्वांत आवडला.

प्रयोग समाजाच्या सभागृहात झाला. संवाद दोनदा विसरले गेले, लिंकनची दाढी गळून पडली. यादीचा प्रवेश आला तेव्हा मात्र पुढच्या रांगेतील बायकाही गप्प होत्या. माझ्या नातीने यादी वाचताना खेचरांच्या किमती वाचल्या, माणसांची नावे व वये वाचली, आणि त्यांच्या किमती वाचल्या नाहीत. तालमीत ती त्या वाचत असे. विसरली का, असे मी अद्याप विचारलेले नाही.

दिवाळीच्या सुटीत नवे नाटक बसवायचे आहे, आणि त्याचे स्थळ आपले वर्धा. १९३६ सालच्या अखेरीस बेंजामिन मेज नावाचे कृष्णवर्णीय अमेरिकी प्राध्यापक येथे येऊन गांधीजींना भेटले. त्यांचे आईवडील गुलामीत जन्मलेले, पुढे दक्षिण कॅरोलिनात कापूस पिकविणारे. १९४० साली मेज अटलांटाच्या मोअरहाऊस महाविद्यालयाचे अध्यक्ष झाले; मार्टिन ल्यूथर किंग त्यांच्याच हाताखाली शिकले, आणि १९६८ साली किंग यांच्या अंत्यविधीत श्रद्धांजलीचे भाषण मेज यांनीच केले. मुलांना घेऊन सेवाग्रामला जाऊन येणार आहोत. अंतर ते किती!

वाचकांना एक विनंती आहे. ज्यांच्या पेढ्या जुन्या आहेत, त्यांनी माळ्यावरच्या पेट्या एकदा उघडून पाहाव्यात. संवत १९१८ ते १९२२ या काळातील एखादी वही, तिच्यात कापसाचा भाव किंवा मुंबईची हुंडी नोंदलेली असेल, तर त्या पानाचे छायाचित्र संपादकांकडे पाठवावे. वाळवी लागलेली असली तरी चालेल. मुलांना ती अक्षरे पाहायची आहेत.