विश्लेषण : खाडीकिनारीची तिवरे अचानक तपकिरी का पडतात? खारफुटीला कीटकांची गरज काय?

पावसाळा सरत असताना मुंबई, ठाणे, नवी मुंबईच्या खाडीकिनारी हिरवीगार तिवरे काही ठिकाणी अचानक तपकिरी, निष्पर्ण दिसू लागतात. रोग पडला, कोणी विष टाकले, अशा शंका घेतल्या जातात. अनेकदा हे काम असते एका अळीचे.

ही अळी कोणती?

‘हायब्लिया प्युरा’ या पतंगाची. सागाची पाने फस्त करणारी म्हणून ती ओळखली जाते; किनाऱ्यावर ती तिवरांवर येते. पानांच्या केवळ शिरा उरतात. मात्र झाड सहसा मरत नाही, काही आठवड्यांत नवी पालवी फुटते. दरम्यान पक्ष्यांना खाद्य मिळते आणि अळ्यांच्या विष्ठेतून पोषकद्रव्ये चिखलात परततात.

मग फवारणी का नको?

कीटकनाशक अळी आणि मधमाशी यांत भेद करत नाही. तिवराचे परागीभवन प्रामुख्याने मधमाश्या करतात. राज्याचा कांदळवन वृक्ष असलेल्या पांढऱ्या चिप्पीची फुले रात्री उमलतात. त्यांवर वटवाघळांबरोबर पतंगही येतात. शिवाय फवारलेले विष भरतीच्या पाण्यात उतरते आणि त्याच पाण्यात मासे, कोळंबी, खेकड्यांची पिल्ले वाढतात.

खारफुटीत कीटक किती?

खारफुटीत वनस्पतींच्या जाती मोजक्याच, त्यामुळे कीटकही कमी असावेत असा समज होता. सिंगापूरमधील संशोधनाने तो खोडून काढला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जनुकीय तपासणीद्वारे तेथील खारफुटीत कीटकांच्या तीन हजारांहून अधिक प्रजाती आढळल्या. त्यांतील निम्म्याहून अधिक तपासलेल्या इतर अधिवासांत सापडल्या नाहीत.

याचा अर्थ काय?

मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातील खारफुटीच्या तोडीस मनाई केली. सार्वजनिक हिताच्या प्रकल्पांसाठी न्यायालयाची परवानगी लागते. परवानगी मिळाली की चर्चा होते ती किती झाडे जाणार आणि किती रोपे लावणार याची. कीटक या हिशेबात नसतात. खाऱ्या चिखलाशी जुळवून घेतलेल्या प्रजातींना दूरच्या डोंगरावर लावलेली झाडे उपयोगाची नाहीत. किनाऱ्यावर नवी रोपे लावली, तरी तेथे कीटक परततीलच असे नाही. म्हणूनच तोडीपूर्वी कीटकांचीही नोंद होणे आणि लागवडीनंतर ते परतले का हे पाहणे गरजेचे ठरते.