आठ वर्षं असिस्टंट!



ऑक्टोबर २०२५ मध्ये सोनिया रामन यांना अमेरिकेतल्या डब्ल्यूएनबीएच्या सिॲटल स्टॉर्म संघाने मुख्य कोच नेमलं. भारतीय वंशाची व्यक्ती त्या लीगमध्ये या पदावर प्रथमच आली. आई नागपूरची, वडील चेन्नईचे. त्यामुळे 'आपल्या नागपूरची लेक' असे फॉरवर्ड मलाही आले. (बाई वाढल्या मॅसॅच्युसेट्समध्ये, पण असो.)

त्या फॉरवर्डमध्ये जे नव्हतं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. टफ्ट्स विद्यापीठात त्या खेळल्या आणि शिक्षण संपल्यावर तिथेच दोन वर्षं असिस्टंट कोच राहिल्या. मग कायद्याची पदवी घेतली. वकील म्हणून आधी सरकारी कामगार खात्यात आणि नंतर फिडेलिटीसारख्या कंपनीत नोकरी केली. आणि हे करताना वेलस्ली या मुलींच्या कॉलेजात सहा वर्षं पुन्हा असिस्टंट! म्हणजे प्रतिस्पर्ध्यांच्या मॅचचे व्हिडिओ बघायचे, एकेकीचा शॉट घोटून घ्यायचा, रडणारीला समजवायचं, आणि जिंकल्यावर फोटोत कडेला उभं राहायचं. २००८ साली त्या एमआयटीत (पुण्यातली नव्हे, बॉस्टनजवळची) मुख्य कोच झाल्या. तिथे खेळावर स्कॉलरशिप मिळत नाही, मुली अभ्यास सांभाळून खेळतात. अशा संघाने २०१८ आणि २०१९ मध्ये लागोपाठ आपल्या कॉन्फरन्सचं विजेतेपद मिळवलं. २०२० मध्ये एनबीएच्या मेम्फिस ग्रिझलीजने त्यांना बोलावलं, तेही असिस्टंट म्हणूनच.

आमच्या ओळखीतली एक मुलगी इथे शारजात बारावीला आहे. बास्केटबॉल उत्तम खेळते आणि तिला कोच व्हायचंय. वडील म्हणतात, "अहो वहिनी, पोरगी काय जन्मभर शाळेत पी.टी. शिकवणार?" मी रामनबाईंची गोष्ट सांगितली, तर लगेच म्हणाले, "बघा, आधी वकील झाली ना!" नाही हो भाऊजी, आधी असिस्टंट झाली. वकिली मधे आली आणि असिस्टंटगिरीचा खर्च तिने भागवला.

त्यांची भीती मात्र मी खोटी मानत नाही. आपल्यापैकी बहुतेकांचं इथलं राहणं नोकरीवर टांगलेलं. नोकरी गेली की घरभाडं, शाळेची फी, सगळंच हलतं. अशा माणसाने मुलीसाठी 'पक्कं' काहीतरी शोधलं तर त्यात चूक काय? पण मग दुसरी बाजूही बघा. २०२२ पासून अबुधाबीत एनबीएचे सामने होतात आणि आपण पोरांना घेऊन हौसेने जातो. अकॅडमीच्या कोचला महिन्याला दिरहॅम मोजतो. मुलीचं नाव घालताना आयांचा पहिला प्रश्न असतो, "लेडी कोच आहे का?" सगळ्यांना लेडी कोच हवी, फक्त ती दुसऱ्याच्या घरातली हवी!

माझं मत सरळ आहे. सतराव्या वर्षी तिला 'डिग्री की खेळ' असं विचारूच नका. बी.कॉम. करू दे, नाहीतर आणखी काही, पण शनिवार-रविवारी एखाद्या अकॅडमीत लहान मुलींच्या बॅचला असिस्टंट म्हणून उभी राहू दे. चार वर्षांत तिचं तिलाच कळेल. अविवाहित मुलीला वडिलांच्या व्हिसावर वयाची अट नाही, आणि त्या व्हिसावर राहून वर्क परमिट काढता येतं. म्हणजे निदान ती काळजी थोडी कमी.

भाऊजी "बघतो" म्हणालेत. फॉर्म भरायचे दिवस जवळ आलेत. तुमच्यापैकी कोणाची मुलगी, सून, बहीण इथे असं काम करत असेल तर कृपया लिहा: परमिट कसं काढलं, तासाचे किती मिळतात, परीक्षेच्या दिवसांत कसं जमवते. त्यांना आकडे हवेत, माझं भाषण ऐकून झालंय.

कळावे,
एक शारजाकर