रस प्या, पण भाकरी सोडू नका

शहरातल्या कोणत्याही बागेच्या दारात सकाळी पाहा. दुधी, कारले, आवळा, गव्हांकुर यांचे रस विकायला असतात. सोबत सल्ला फुकट: शिजवलेले बंद करा, कच्चे खा, रस प्या, मधुमेह पळून जाईल! हे लोण आता आपल्या वस्त्यांतही आले आहे. शिकलेली माणसे गोळ्या बंद करून रसाच्या मागे लागत आहेत. म्हणून स्पष्ट बोलणे भाग आहे.

ताज्या रसात गुण आहेतच. आवळा, संत्री, लिंबू यांतले क जीवनसत्त्व भाजी-डाळीतले लोह अंगी लागायला मदत करते. महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ चे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. पण त्या लोहासाठी आधी ताटात डाळ-भाजी हवी. त्यावर पिळलेले लिंबू महागड्या रसाइतकेच कामाचे आहे.

एक पेला रसाला तीन-चार संत्री लागतात. चोथा फेकला जातो, साखर पेल्यात उरते आणि झपाट्याने रक्तात जाते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली फळांच्या रसातली साखरही मर्यादेत ठेवायला सांगितले. मधुमेहींनी रसापेक्षा अख्खे फळ बेताने खावे. २०१० साली दिल्लीत दुधी-कारल्याचा रस प्यायल्यानंतर एका शास्त्रज्ञाचा मृत्यू झाला. दुधीचा रस कडू लागला तर पिऊ नका, असा इशारा भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या समितीने त्यानंतर दिला. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक नव्हे!

तथागतांनी भिक्खूंना दुपारनंतर आंबा, जांभूळ, द्राक्षे यांचा रस घेण्याची मुभा दिली. विनयपिटकात तशी नोंद आहे. पण ते पेय होते, जेवणाला पर्याय नव्हे. देह सुकवून ज्ञान मिळत नाही हे ओळखून त्यांनी सुजाताची खीर स्वीकारली. कोणी सांगतो म्हणून मानू नका, तपासून पाहा, हीच त्यांची शिकवण.

या कच्च्या आहारासोबत ‘सात्त्विक’ हा शब्दही येतो. गीतेच्या सतराव्या अध्यायातली ही प्रतवारी. शिळे-उष्टे तामसी लोकांना प्रिय असते, असे तिथे म्हटले आहे. गावाने ज्यांच्या पदरात शिळे-उष्टेच टाकले, त्यांची ती आवड होती की गुलामी? बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला शिळे तुकडे सोडायला सांगितले ते स्वाभिमानासाठी. सात्त्विक होण्यासाठी नव्हे. मग आज आपल्या भाकरीला, सुकटीला, अंड्याला कमी लेखणारे हे कोण? राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्याला एक अंडे दिले आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी काढून घेतला. गरिबाच्या लेकराचे प्रथिन असे जाते!

कच्चे खायचे तर धुवायला स्वच्छ पाणी हवे. ज्या वस्तीत नळाला गढूळ पाणी येते, तिथे कच्ची कोशिंबीर आणि गाडीवरचा बर्फाचा रस कावीळ-विषमज्वर घेऊन येतो. तिथे चुलीवरचे गरम अन्नच राखण करते. महाडचा लढा पाण्याचाच होता. तो नळापर्यंत अजून पोचायचा आहे.

तेव्हा बांधवांनो, परवडेल तेव्हा फळ खा, आवडीने रसही प्या. पण डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध सोडू नका, भाकरी-डाळ सोडू नका. आणि स्वच्छ पाण्याची, लेकरांच्या अंड्याची मागणी तर मुळीच सोडू नका!