पान कोणतें?

वरंध घाटाखालील दरींत असलेली शिवथरघळ आमच्या वाचकांस परिचित असेलच. श्रीसमर्थांच्या दासबोधाचें जन्मस्थान म्हणून धुळ्याच्या शंकरराव देवांनीं ती १९३० सालीं उजेडांत आणिली. त्याच वरंध गांवीं आमच्या एका आप्तांच्या घरीं घडलेली गोष्ट येथें सांगावीशी वाटते.

त्या घरचे वडील आप्पा गांवीं, चिरंजीव पुण्यास, तर नातू व नातसून परदेशीं असतात. तथापि रोज रात्रीं सर्वांनीं दूरध्वनीवर एकत्र जमून दासबोधाचा एक समास वाचावयाचा, असा त्यांचा परिपाठ. आप्पांच्या हातीं छापील ग्रंथ, इतरांपुढें त्याच आवृत्तीची पीडीएफ प्रत. एके रात्रीं आप्पांनीं 'पृष्ठ ४१' म्हणतांच सर्वांनीं चौकटींत ४१ हा अंक घातला, तों पुढें आला भलताच समास. असें दोन-तीनदां होतांच आप्पा खिन्न होऊन म्हणाले, "माझीच नजर आतां दगा देते. तुम्ही वाचा, मी ऐकतों." दुसऱ्या दिवसापासून त्यांनीं ग्रंथ हातीं घेणेंच सोडलें.

वास्तविक चूक कोणाचीच नव्हती. छापील ग्रंथांत मुखपृष्ठ, प्रस्तावना, अनुक्रमणिका हीं पानें पुष्कळदां निराळीं मोजतात आणि मूळ ग्रंथास आरंभ होतो तेथें १ हा अंक घालतात. पीडीएफ पाहतांना मात्र गणना सहसा मुखपृष्ठापासूनच होते. आरंभीं सोळा पानें असलीं, तर छापील ४१ वें पान तेथें ५७ वें ठरतें. प्रत्येक पानास छापील अंक जोडून ठेवण्याची सोय पीडीएफमध्यें आहे. परंतु प्रत तयार करणारानें ती योजिली पाहिजे आणि ब्राउझरनेंहि ती मानली पाहिजे. फायरफॉक्स असा अंक चौकटींत दाखवून शेजारीं एकूण पानांतील क्रमहि देतो. कांहीं ब्राउझर नुसता क्रमच दाखवितात. त्यामुळें एकच प्रत दोन घरीं दोन निरनिराळे अंक दाखवूं शकते.

यावर साधा उपाय म्हणजे दोन्ही अंकांतील फरक एकदां काढून ग्रंथाच्या आरंभीं टिपून ठेवावा. त्याहून चांगला उपाय आपल्या पूर्वजांनींच करून ठेविला आहे. हस्तलिखित पोथ्यांच्या काळीं प्रत्येक नकलेंत पानें निराळीं पडत. म्हणून स्थळ सांगावयाचें तें पानावरून नव्हे, तर अध्याय-श्लोकांवरून. दासबोधाचे तर वीस दशक, आणि प्रत्येक दशकांत दहा समास. ओवीचा अंक सांगितला कीं कोणत्याहि प्रतींत स्थळ अचूक सांपडतें.

चिरंजीवांनीं ही गोष्ट समजावून सांगून विनविलें, "आप्पा, उद्यांपासून तुम्ही दशक आणि समास सांगा." दुसऱ्या रात्रीं आप्पांनीं चष्मा पुसला, ग्रंथ पुढें ओढला व म्हणाले, "दशक तिसरा, समास पांचवा." सर्वांचें स्थळ एकदम जुळलें.

आमच्या वाचकांच्या घरींहि असा घोंटाळा झाल्यास प्रथम अंकांचा हिशेब पाहावा. वडिलांच्या दृष्टीस दोष देण्याची घाई करूं नये, आणि त्यांस स्वतःलाहि तो देऊं देऊं नये.