रेंज आहे, पण पान कोरं!

शनिवार-रविवार लाडघरच्या किनाऱ्यावर लोळायचं आणि सोमवारी बुरोंडीच्या घरूनच लॉग-इन करायचं. दापोली तालुक्यातल्या या मच्छीमारांच्या गावात ज्यांचं घर आहे, त्यांना हा फंडा शिकवावा लागत नाही. घोळ होतो सोमवारी सकाळी अकराला. ऑफिसचं वेब अ‍ॅप मस्त चालू असतं, डॅशबोर्ड दिसतो, चॅट चालतं... आणि ‘रिपोर्ट्स’वर क्लिक केलं की पान कोरं! पांढरंफटक! ऑफिसात फोन करा, उत्तर तयार असतं, ‘‘गावाला आहेस ना? मग रेंजचा प्रॉब्लेम असणार.’’

या उत्तरामागे इतिहास आहे, मंडळी. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये अनेक चाकरमानी लॅपटॉप घेऊन कोकणात गेले आणि 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ आलं. दापोली-मंडणगड भागात विजेचे खांब आडवे झाले, मोबाइलचे टॉवर मुके झाले, कित्येक गावं दिवसेंदिवस अंधारात राहिली. तेव्हा नेट खरंच नव्हतं. पण गावाहून काम करणाऱ्याची प्रत्येक अडचण अजूनही त्याच खात्यात जमा होते. नुकसान किती, ते पुढच्या वेळी गावाहून काम करायची परवानगी मागताना कळतं. म्हणून बॉसने ‘रेंज’ म्हणायच्या आत खरा दोषी शोधता आला पाहिजे.

अ‍ॅप येतं हप्त्याहप्त्याने

हल्लीची वेब अ‍ॅप्स एकदम पूर्ण उतरत नाहीत. अँग्युलर, रिअ‍ॅक्ट, व्ह्यू यांसारखी फ्रेमवर्क्स अ‍ॅपचे तुकडे करतात, त्यांना म्हणतात ‘चंक’. आधी फक्त पहिल्या पानापुरता माल येतो. तुम्ही ‘रिपोर्ट्स’ दाबलंत की त्याचा चंक तेव्हा सर्व्हरवरून मागवला जातो. कल्पना झक्कास, कारण सुरुवात फास्ट होते आणि डेटाही वाचतो.

पण प्रत्येक चंकच्या नावात अक्षर-आकड्यांची एक शेपटी असते. आतला कोड बदलला की शेपटी बदलते. आता समजा, तुमचा टॅब शुक्रवारपासून उघडा आहे आणि रविवारी रात्री ऑफिसने नवी आवृत्ती चढवली. हॉटेलात सकाळचं मेन्यूकार्ड हातात धरून दुपारी ऑर्डर द्यावी, तसं होतं. तुमचा टॅब जुन्या नावाने फाइल मागतो, सर्व्हर म्हणतो, असली काही फाइलच नाही. यात बुरोंडीच्या टॉवरचा काय दोष? हाच टॅब कोथरूडमध्ये उघडा असता, तरी हेच झालं असतं!

दोन मिनिटांचा तपास

कोऱ्या पानावर एफ 12 दाबा. घाबरू नका, काही बिघडत नाही. ‘कन्सोल’मध्ये लाल अक्षरात ‘चंक लोड एरर’ किंवा ‘फेल्ड टु फेच डायनॅमिकली इम्पोर्टेड मॉड्यूल’ असं दिसलं, तर एखादा तुकडा आलेला नाही. तो का आला नाही, हे शेजारच्या ‘नेटवर्क’मध्ये कळेल. ते उघडं ठेवून ‘रिपोर्ट्स’ पुन्हा दाबा आणि लाल झालेल्या ओळीचं स्टेटस बघा.

- 404 : सर्व्हरपर्यंत पोचलात, पण फाइल तिथे नाही. म्हणजे रेंज ठणठणीत!
- 200, तरी पान कोरं : ही लाल होत नाही, म्हणून फसवी. सर्व्हरने कोडऐवजी अ‍ॅपचं मुख्य पानच पाठवलेलं असतं. ‘रिस्पॉन्स’ उघडून बघा, जावास्क्रिप्टऐवजी एचटीएमएल दिसेल. दोष सर्व्हरच्या सेटिंगचा.
- आकडाच नाही, नुसतं ‘फेल्ड’ : इथे मात्र नेट अधूनमधून तुटत असू शकतं. कंपनीचा व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शनही बघा.

या ओळीचा स्क्रीनशॉट वेळेसकट ऑफिसला पाठवा. ‘चालत नाहीये’ या मेसेजपेक्षा तो शंभरपट कामाचा. मग अर्धवट भरलेल्या फॉर्ममधला मजकूर आधी कॉपी करून ठेवा आणि पान रिफ्रेश करा. जुना टॅब हे कारण असेल, तर बहुतेक वेळा एवढ्यात काम होतं. नाही झालं, तर कंट्रोल-शिफ्ट-आर.

तुम्हीच आयटीवाले असाल तर?

मग चेंडू तुमच्या कोर्टात आहे, दोस्तहो. नवी आवृत्ती चढवताना जुने चंक लगेच पुसू नका, काही दिवस राहू द्या. शेपटीवाल्या फाइल्स ब्राउझरने खुशाल वर्षभर साठवाव्यात, पण मुख्य पान मात्र दर वेळी सर्व्हरला विचारूनच दाखवावं. चंक आला नाही तर कोरं पान दाखवू नका. एकदा पुन्हा प्रयत्न करा, मग ‘नवी आवृत्ती आली आहे, रिफ्रेश करा’ असं बटण द्या. आपोआप रिफ्रेश करणार असाल तर एकदाच, नाहीतर पान गोल-गोल फिरत बसेल.

आणि ‘माझ्या मशीनवर चालतं’ हे ऐकवण्याआधी तीन गोष्टी करा. फाइलच्या नावातलं कॅपिटल-स्मॉल तपासा, कारण विंडोजला ते चालून जातं, लिनक्सच्या सर्व्हरला नाही. अ‍ॅप एखाद्या सब-फोल्डरमध्ये असेल, तर चंकचा पत्ता तिथलाच आहे ना, ते बघा. आणि टेस्टिंग करताना एक टॅब उघडून ठेवा, नवी आवृत्ती चढवा, मग त्याच जुन्या टॅबमध्ये न उघडलेला मेन्यू दाबा. ब्राउझरमध्ये नेटचा वेग 3जी करून हेच पुन्हा करा. पाच मिनिटांचं काम, पण नव्या लॅपटॉपवर फायबर लावून बसलेल्या टीमला सहसा न दिसणारा घोटाळा इथे उघडा पडतो.

रेंज कधी कधी जाते, हे कोकणात कुणी नाकारणार नाही. पण 404 हा आकडा सर्व्हरकडून आलेला निरोप असतो, आणि निरोप पोचला याचा अर्थ रस्ता चालू आहे. पुढच्या मीटिंगमध्ये हे शांतपणे सांगा... स्क्रीनशॉटसकट!